वीतभर वर बसवलेला दगड

डिसेंबर सरत आला की नाशिकची थंडी आधी तळपायांना कळते. फरशी गार पडते, खोबरेल तेल बाटलीत गोठून बसतं, आणि सकाळी गॅलरीचं दार उघडलं की द्राक्षबागांवरच्या फवारणीचा उग्र वास गंगापूर रोडवरच्या आमच्या चौथ्या मजल्यापर्यंत चढतो. शेजारणी हुरड्याचे बेत करतात, स्वेटर उन्हात टाकतात. मी मात्र उगाच माळ्यावरचे डबे काढते, पुसते आणि परत ठेवते. हात मोकळे राहिले की मन भलतीकडे जातं, म्हणून ही सगळी उठाठेव.

सगळ्या जगाला वर्षात तीन ऋतू असतात. मी ज्यांच्याशी लग्न केलं त्यांना दोनच होते, एक मोजणीचा आणि दुसरा मोजणी नसलेला. फराळाचे डबे रिकामे झाले की पहिला सुरू व्हायचा आणि होळीला संपायचा. उरलेलं वर्ष हे कचेरीत बसून आकडेमोड करायचे आणि दिवाळीची वाट बघायचे. असे हंगाम आमच्या संसारात पुष्कळ आले. मला त्यातला एकच पुन्हा हवा आहे, नव्वदच्या दशकाच्या मध्यावरचा, लग्नानंतरचा पहिला.

मी समुद्राकाठची. गुहागरच्या खालच्या अंगाला आमचं घर, मागे माडांची वाडी, आणि वाडी संपली की वाळूच. लाटांचा आवाज अष्टौप्रहर कानावर असायचा, त्यामुळे असा काही आवाज असतो हेच मला माहीत नव्हतं. इंदिरानगरच्या दोन भाड्याच्या खोल्यांत पहिल्या आठवड्यात एका दुपारी भांडी घासून टेकले तेव्हा ते कळलं. तेव्हाचं इंदिरानगर म्हणजे मोजके बंगले, मधे रिकामे प्लॉट, काळी माती आणि बाभळी. कान लावून बसलं तर लांब हायवेवरचे ट्रक ऐकू यायचे. मी डोळे मिटून त्यालाच समुद्र समजायची, आणि एखाद्या ट्रकने हॉर्न दिला की चरफडत उठायची.

त्यात नवरा बोलेना. तुसडे नव्हते, तापट नव्हते. पानात वाढलेलं मुकाट्याने जेवायचे, स्वतःचं ताट स्वतः विसळून ठेवायचे. सटाण्याकडचे देवरे, सरकारी नोकरीत सर्व्हेअर, जमिनीच्या उंच-सखलपणाची मोजणी करणारे. लग्नाला तीन महिने झाले तरी या माणसाला मी आवडले, की घरच्यांनी गळ्यात बांधली म्हणून सांभाळतायत, याचा मला पत्ता लागेना. आईला पीसीओवरून फोन केला की ती विचारायची, "बरे आहेत ना गो जावईबापू?" मी म्हणायची, "बरे आहेत." याहून जास्त माहिती माझ्याकडेच नव्हती.

रविवारी शेजारची जोडपी सोमेश्वरला, पांडवलेण्यांना जायची. आम्हीही स्कूटर काढायचो. पहिल्यांदा मी चांगली अबोली रंगाची साडी नेसून निघाले, तर स्कूटर थांबली पेठ रोडच्या एका मोरीपाशी. हे खाली उतरले, ओढ्यात शिरले आणि कठड्याचा शेवाळलेला दगड खराट्याने घासू लागले. मी वर रस्त्यावर उभी. जाणारा-येणारा बघतोय. घासून झाल्यावर यांनी हाक मारली, "अगं, ये. दिसला." मी साडी सावरत खाली गेले. दगडात एक आडवी रेघ कोरलेली, आणि तिच्या खाली कावळ्याच्या पायासारखी तीन फाट्यांची खूण. यांच्या चेहऱ्यावर असा आनंद होता की मला त्या दगडाचा हेवा वाटला.

तो बेंचमार्क. हळूहळू मला सगळं समजत गेलं, कारण या एका विषयावर माझा नवरा बोलायचा. ते तीन फाटे म्हणजे बाण, आणि बाणाचं टोक ज्या रेघेला टेकतं त्या रेघेची उंची कधीकाळी कुणीतरी मोजून ठेवलेली असते. दगडाचा माथा नाही, पाया नाही, ती रेघच. दुसरा प्रकार रस्त्याकडेला जमिनीत पुरलेल्या चौकोनी दगडाचा. त्याच्यावर इंग्रजी अक्षरं असतात आणि मधोमध तळहाताएवढा उंचवटा. मोजणीची पट्टी त्या उंचवट्यावर उभी करायची, अक्षरांवर नाही. टेकडीवरच्या खडकात गोल आणि गोलात टिंब दिसलं, तर तिथे यंत्र मांडून दूरच्या टेकड्यांचे कोन मोजले होते असं समजायचं. आणि माथ्यावर नुसत्या फुलीच्या रेघा असल्या तर तो हद्दीचा दगड. "हद्दीचा दगड आडवं सांगतो," हे म्हणायचे, "तुझं कुठवर आणि माझं कुठून. त्याच्यावरून भांडणं होतात. बेंचमार्क उभं सांगतो. त्याच्यावरून कुणी भांडत नाही."

मला सर्वांत नवल वाटलं ते याचं, की दगडावर उंचीचा आकडा नसतोच. आकडा कचेरीतल्या वहीत. दगड नुसता म्हणतो, मी तो. कोण, किती, हे ज्याच्याजवळ वही असेल त्याने बघावं.

"पण उंची मोजतात कशापासून?" मी एकदा विचारलं.

"समुद्रापासून."

"कुठल्या समुद्रापासून?"

"कुठल्या म्हणजे? तुमच्याच. बाकी कुठला आहे आपल्याकडे?"

यांनी सहज म्हटलं आणि खराटा झटकला. मी मात्र त्या दगडाशी बसून राहिले. इतक्या लांब, घाट चढून आल्यावर, कोरड्या माळावर कुणीतरी माझ्या समुद्राची आठवण ठेवून दगड लावला होता. मग मीच रविवारची वाट बघू लागले. डब्यात दशम्या, लसणाची चटणी, बाटलीत पाणी, पिशवीत खराटा आणि भिंग. खूण सापडली की यांची शहरी भाषा सुटायची आणि सटाण्याची अहिराणी बाहेर यायची. "शे, शे, आठेच शे!" इथेच आहे, इथेच आहे. अहिराणी मी पहिल्यांदा शिकले ती अशी, ओढ्यात उभी राहून.

एकदा पाथर्डी फाट्याकडच्या जुन्या मोरीवर हे फार वेळ भिंग लावून बसले. "बाण आहे, पण आडवा का काढला असेल? आणि ही गोलाई कसली?" कपाळाला आठ्या घालून वहीत चित्र काढायला लागले. मी वाकून पाहिलं.

"अहो, बदाम आहे तो."

"बदाम?"

"प्रेमाचा. बाण आरपार गेलाय. ही बघा दोन्हीकडची अक्षरं."

यांचे कान लाल झाले. भिंग खिशात ठेवत अगदी गंभीरपणे म्हणाले, "रेघ नाही म्हणजे आपला नाहीच." मला असं हसू फुटलं की कठडा धरून खाली बसावं लागलं. मग हेही हसले. त्या दिवशी पहिल्यांदा आम्ही दोघं एकाच गोष्टीला एकत्र हसलो. खरी खूण दुसऱ्या कठड्यावर चुन्याखाली सापडली.

आमच्याकडे शिमग्याला देवाची पालखी घरी येते. लेक सासरी गेली की पहिल्या वर्षी तिने त्या दिवशी घरी असायचंच, पालखीपुढे ओटी भरायचीच. संक्रांतीपासून मी दिवस मोजत होते. यांनी रजेचा अर्जही दिला होता. आणि नेमकं तेव्हाच मखमलाबादकडचं काम अडलं.

काम असं, की एका ठिकाणच्या बेंचमार्कपासून निघायचं, टप्प्याटप्प्याने उंची मोजत जायचं आणि दुसऱ्या ठिकाणच्या बेंचमार्कवर पोचायचं. वहीतला तिथला आकडा आणि आपण मोजून आणलेला आकडा जुळला पाहिजे. यांचा जुळेना. थोडाथोडका नाही, वीतभर फरक. वरच्या साहेबांनी सगळ्यांदेखत विचारलं, "देवरे, नवीन लग्न झालंय, लक्ष कुठे असतं?" हे दुसऱ्या दिवसापासून पुन्हा मोजायला लागले. पंधरा दिवसांनी फरक तेवढाच, वीतभर. साहेब म्हणाले, जुळल्याशिवाय रजा नाही.

घरी येऊन हे भिंतीला टेकून बसले. मी म्हटलं, "दोन्ही वेळा तेवढाच फरक येतोय, तर तो दगडच चुकीचा नसेल कशावरून?"

यांनी माझ्याकडे असं पाहिलं, जणू मी देवघरातल्या देवावर आळ घेतला होता. "माणूस चुकतो," म्हणाले, "दगड खोटं बोलत नाही."

मला राग आला. माझा शिमगा त्या वीतभर जागेत अडकला होता, आणि हे दगडाची बाजू घेत होते.

पुढच्या रविवारी मी हट्टाने बरोबर गेले. दगड फुलांच्या मळ्याच्या कडेला होता. एका बाजूला शेवंती, पलीकडे झेंडू, मोटेच्या जुन्या विहिरीवर आता पंप. हे दगडाभोवती गुडघ्यांवर बसून अक्षरं तपासू लागले. मला फुलं तोडणाऱ्या बाईंनी हाक मारली. जिजाबाई त्यांचं नाव, मळा त्यांचाच. ओच्यात झेंडू भरलेला.

"ताई, उन्हात का उभ्या? या हिकडं. तुमचे मालक आठ दिस झाले येत्यात, दगडापाशी बसत्यात अन् जात्यात. बोलत नाय काय नाय. च्या घ्या म्हनलं तरी मान हालवत्यात."

"घरी पण तसंच आहे," मी म्हटलं.

त्या खळखळून हसल्या. मी त्यांच्यासोबत फुलं तोडायला बसले. कुठल्या तुम्ही, माहेर कुठलं, समुद्र कसा असतो, त्याचं पानी खरंच खारं असतं का, असं चाललं होतं. बोलता बोलता मी म्हटलं, त्या दगडापायी यंदा माझं माहेर बुडतंय.

"त्यो दगड?" जिजाबाई म्हणाल्या. "अवो, लय चांगला दगड हाय त्यो. दोन-तीन वर्सांमागं ट्रॅक्टर वळवताना आडवा पडला व्हता. आमचे मालक म्हनले, सरकारी वस्तू हाय, अशी मातीत लोळायला नको. मग खाली सिमिट-वाळू घालून वर उचलून बसवला. आधी निम्मा मातीत गाडलेला व्हता, अक्षरंबी दिसत नव्हती. आता कसा दिसतोय बघा! दसऱ्याला आम्ही त्याला झेंडूचा हार घालतो."

मी ओंजळीतली फुलं तशीच टाकून उठले. यांना जाऊन सांगितलं. यांनी लगेच दगडाच्या बुडाशी बोटांनी माती उकरली. चार बोटं खाली सिमेंट लागलं. आणि वर पाहिलं तर पूर्वी मातीत असलेला खडबडीत भाग, ज्याला टाकी लावलेली नव्हती, तो चांगला वीतभर बाहेर होता. आठ दिवस हे त्याच्यासमोर बसले होते. अक्षरं वाचली, उंचवटा तपासला, पण मळ्यातल्या माणसांना विचारायचं काही यांना सुचलं नव्हतं.

जिजाबाई मागोमाग आल्या होत्या, चेहरा उतरलेला. "सायेब, आमचं काय चुकलं का? आमच्यावर केस नाय ना व्हनार?"

हे उठले, हात झटकले. "नाही ओ बाई. चांगला बसवलाय," म्हणाले. "एवढा नीट तर आमच्या लोकांनीही बसवला नसता." आणि वहीत लिहिलं, 'दगड हललेला आढळला, आधार धरू नये.' कुणी हलवला ते लिहिलं नाही. मग त्यांच्या ओट्यावर बसून चहा प्यायले, बशीतून, दोन वेळा.

आता पुढच्या गावच्या बेंचमार्कपर्यंत मोजत जायचं होतं. हे रोज पहाटे निघायचे. काम जुळलं, अगदी केसाइतका फरक उरला. पण जुळलं ते होळीच्या आदल्या संध्याकाळी. एसटीच्या गाड्या भरून वाहत होत्या, आणि पौर्णिमेच्या दुसऱ्या दिवशी सकाळी आमच्या अंगणात पालखी आली तेव्हा मी इंदिरानगरच्या खोलीत कणीक मळत होते. मग पीसीओवरून फोन केला तेव्हा आईने ढोल ऐकवायला घरातला रिसीव्हर दाराकडे नेला. दोरी पुरली नाही. मी घरी येऊन उंबऱ्यात बसले आणि रडले. यांनी पाहिलं, चप्पल घातली आणि बाहेर गेले. मला वाटलं, झालं, हेच आपलं आयुष्य.

थोड्या वेळाने खांद्यावर यंत्राची पेटी, हातात त्याचं तीन पायांचं तिकाटणं, अशा थाटात परत आले. हंगामात यंत्र घरमालकांच्या कुलूपबंद खोलीत ठेवलेलं असायचं. "पट्टी धरणारे खलाशी सगळे सणाला गेलेत," म्हणाले. "पट्टी धरशील?"

धुळवडीचा दिवस. गावात वीरांची मिरवणूक निघायची गडबड, पोरं रंगून फिरतायत, आणि आम्ही दोघं पाथर्डी फाट्याच्या मोरीवर. चुन्याखालच्या त्या रेघेशी पट्टीचा तळ जुळवून मी उभी राहिले. हे यंत्रातून बघायचे, आकडा लिहायचे, मग मी पुढे, हे पुढे, पुन्हा तेच. शंभर वेळा तरी सांगितलं असेल, "सरळ धर. हलू नको." उन्हं चढली. एका ठिकाणी हे फारच वेळ डोळा लावून राहिले.

मी ओरडले, "आकडा दिसत नाही का?"

"दिसतोय."

"मग?"

"या यंत्रातून सगळं उलटं दिसतं," यांनी तिकडून सांगितलं. "तू पण. पाय वर, डोकं खाली. पदर आभाळात पडतोय."

"मग बघताय काय एवढं?"

"उलटीसुद्धा चांगलीच दिसतेस."

दीड मैल आम्ही असे आलो. तीन महिने ज्याने मान वर करून पाहिलं नव्हतं, त्याने दिवसभर माझ्याशिवाय दुसरं काही पाहिलं नाही. सरकारी यंत्रातून पाहिलं, पण पाहिलं. शेवटची पट्टी मी आमच्या दाराच्या काळ्या पायरीवर धरली. यांनी उंबऱ्यात बसून आकडेमोड केली, दोनदा तपासली, छिन्नी-हातोडी घेतली आणि पायरीच्या उभ्या अंगावर एक आडवी रेघ आणि तिच्या खाली तीन फाट्यांचा बाण कोरला. मग वही माझ्यापुढे धरली. मीटर, आणि पुढे तीन दशांश स्थळं.

"तुझा समुद्र इथून एवढा खाली," म्हणाले. "बाकी काही नाही. हरवलेला नाही." आणि यंत्र पुसत पुसत, "आठेच शे."

तो आकडा मला आजही पाठ आहे. इथे लिहीत नाही, तो घरातला आहे. घरमालकीणबाईंनी पायरी पाहून विचारलंच, तेव्हा पाट्याला टाकी लावताना छिन्नी घसरली असं मी धडधडीत सांगितलं. पुढच्या शिमग्याला गेलो. हे समुद्रात गुडघाभर पाण्यात उभे राहिले आणि कितीतरी वेळाने "शून्य" एवढाच एक शब्द बोलले. आईला वाटलं, जावयाला दृष्ट लागली.

मग आमची उंची वाढत गेली, म्हणजे मजल्यांची. दोन हजार साल उलटल्यावर गंगापूर रोडला हा फ्लॅट घेतला. मोजणीला नवी यंत्रं आली, आभाळातल्या उपग्रहांना विचारून उंची सांगणारी. हे तीही शिकले, पण त्यांच्यावर जीव जडला नाही. एके दिवशी कुणाकडून तरी कळलं, इंदिरानगरचं ते घर पाडून अपार्टमेंट उठतंय. हे दुपारचं जेवण टाकून स्कूटरवर गेले. आता मात्र सगळ्यांना विचारत फिरले. ठेकेदाराला, वॉचमनला, विटा उचलणाऱ्या बायकांना. राडारोडा कुठे भरावाला गेला तिथपर्यंत जाऊन आले. संध्याकाळी धुळीने माखून परत आले आणि जुन्या वहीतलं पायरीचं पान काढून त्यावर शेरा लिहिला. मी वाचला, 'सापडला नाही.'

मी म्हटलं, "अहो, घरच नाही राहिलं. नष्ट म्हणून लिहा की."

"नष्ट असं लिहायचं नसतं," हे म्हणाले. "फुटलेला डोळ्यांनी बघितला तरच लिहायचं. नाहीतर पुढचा माणूस शोधायचं सोडून देतो."

त्यानंतर चार हिवाळे हे होते. पाचव्याला, अशाच थंडीत, तीन दिवस दवाखान्यात होते. तिथेही बोलले नाहीत फारसं. नर्सने विचारलं, काही हवं का, तर नुसती मान हलवली. मी हात धरून बसले होते. सगळं माझ्या डोळ्यांदेखत झालं, मी उठलेसुद्धा नाही. त्यामुळे नियमाने मला तो दुसरा शब्द लिहिता येतो. आला गेला विचारतो, मिस्टर कुठे असतात, तेव्हा तो तोंडापर्यंत येतोही. मी अजून उच्चारलेला नाही. मी म्हणते, सध्या सापडत नाहीत.